विस्मृत सायकेडेलिक पर्व : नंदू भेंडे आणि मुंबईतील रॉक संगीत

प्रस्तावना

१९८२ साली प्रदर्शित झालेल्या ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटाचा विषय निघाला की मिथुन चक्रवर्ती आणि बप्पी लाहिरी ही दोन नावे आपसूक पुढे येतात. या चित्रपटातील ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गीत मात्र एका मराठी गायकाने गायिले होते. त्यांचे नाव नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचे ते पुत्र. ११ एप्रिल २०१४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘डिस्को’ गीतांचे गायक, जाहिरातींच्या जिंगल्सचे आणि दूरदर्शन मालिकांचे संगीतकार अशीच त्यांची ओळख बहुतेकांच्या स्मरणात होती. या लोकप्रियतेच्या आधीचे दशक त्यांनी रॉक संगीतात घालविले होते. मराठी संगीतविषयक लेखनात त्या दशकाला अभावानेच जागा मिळाली आहे.

प्रस्तुत लेखात या दशकाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. सायकेडेलिक रॉक म्हणजे काय, ते मुंबईत कोणत्या वाटेने आले, एका मराठी गायकाला त्यात काय गवसले असावे आणि पुढे हे सारे विस्मरणात का गेले, हे प्रश्न लेखाच्या केंद्रस्थानी आहेत. आपल्या महाविद्यालयांत संगीताचा इतिहास शिकविताना नाट्यसंगीत, भावगीत, लावणी आणि चित्रपटगीत हा क्रम इतका रुळलेला आहे की त्यात न बसणाऱ्या व्यक्तीचे काय करावे, हे आपल्याला कळेनासे होते. भेंडे हे तशांपैकी एक होत.

सायकेडेलिक रॉक : संज्ञा आणि ध्वनी

‘सायकेडेलिक’ हा शब्द मूळचा संगीताचा नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी तो १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्सले यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात घडविला. ‘मन’ आणि ‘प्रकट करणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून तो तयार झाला. संदर्भ होता एल.एस.डी.सारख्या द्रव्यांचा. हे द्रव्य स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये बाझल येथील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केले होते आणि त्याचा मनावर होणारा परिणाम त्यांना १९४३ मध्ये उमगला. पुढे अमेरिकेत व ब्रिटनमध्ये १९६५ ते १९६९ या काळात ज्या रॉक संगीताने या अनुभवाशी नाते सांगितले, त्यास सायकेडेलिक रॉक म्हटले जाऊ लागले.

हे संगीत ऐकण्यासाठी अथवा रचण्यासाठी कोणतेही द्रव्य सेवन करावे लागत नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. सायकेडेलिक रॉक ही मुळात ध्वनीची एक विशिष्ट मांडणी आहे. नेहमीच्या पॉप गीतात स्वरसंगती ठरावीक अंतराने बदलते. येथे ती एका जागी थांबून राहते. ‘द बीटल्स’ या गटाच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या १९६६ च्या अल्बममधील ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गीत जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर उभे असून त्यात जॉर्ज हॅरिसन यांनी तंबोरा छेडला आहे. त्यावर उलट्या फिरविलेल्या ध्वनिफिती, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेले आवाज आणि लांबत जाणारा ठेका. गाण्याचा प्रवास एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे होत नाही. ते एकाच जागी राहून खोल जाते.

भारतीय श्रोत्याला हे वर्णन परके वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावली जाते. त्यामुळे तार घोडीच्या पृष्ठभागाला किंचित घासत कंप पावते आणि मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर ठळकपणे उमटतात. इलेक्ट्रिक गिटारच्या ‘फझ’ या उपकरणात हेच काम वेगळ्या रीतीने साधते. विद्युतसंकेत प्रमाणाबाहेर वाढविला की ट्रान्झिस्टर त्याच्या लहरीचे माथे छाटून टाकतो. छाटलेल्या लहरीत मूळ संकेतात नसलेले उपस्वर निर्माण होतात आणि स्वर खरखरीत, दाट व भरलेला ऐकू येतो. एका ठिकाणी धागा आहे, दुसऱ्या ठिकाणी ट्रान्झिस्टर. कानाला हवी असलेली गोष्ट मात्र एकच आहे : स्वच्छ स्वरापेक्षा श्रीमंत स्वर.

आपल्या परिसरातील उदाहरण घ्यावयाचे तर तुणतुण्याचे घेता येईल. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यासाठी तेथे येतात, हे जुन्नर-आंबेगावात कोणालाही सांगावे लागत नाही. त्या फडांच्या परंपरेत तुणतुण्याची एकच तार गाण्याच्या पाठीशी अखंड वाजत राहते. तिला चाल नसते. तिच्यामुळे चालीला जमीन मिळते. शिनोली-घोडेगाव भागातील विद्यार्थ्यांना अखंड स्वराची संकल्पना समजावून सांगताना प्रस्तुत लेखकाला बीटल्सपेक्षा तुणतुणे अधिक उपयोगी पडले आहे. गोंधळ आणि जागरण या विधिनाट्यांतही संबळाच्या किंवा दिमडीच्या आवर्तनांतून रात्रभर चढत जाणारी तल्लीनता आहे. फरक हा की तेथे तल्लीनतेला देवतेचे अधिष्ठान असते आणि कुळाचाराची चौकट असते. पाश्चात्त्य तरुणाने ती चौकट वजा करून केवळ तल्लीनता मागितली. ही मागणी उथळ होती, असे अनेकांनी म्हटले आहे. उथळपणाचा आरोप काही अंशी खराही आहे, पण त्यातून निर्माण झालेले सगळेच संगीत उथळ ठरत नाही.

मुंबईची वाट

हे संगीत मुंबईत केवळ ध्वनिमुद्रिकांतून आले असे नाही. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग मुंबईतील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रित केला. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीतही त्याच मुक्कामात मुद्रित झाले. १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’ या गटाच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन आपल्या दोन गीतांचे प्रायोगिक ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याकडील ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबमध्ये स्थानिक वादकांसह एक मैफलही रंगविली. म्हणजे मुंबई ही या संगीताची केवळ ग्राहक नव्हती. काही अंशी ती त्याची कार्यशाळा होती.

स्थानिक तरुणांची परिस्थिती मात्र फारशी अनुकूल नव्हती. १९५२ ते १९६२ या काळात डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीने अभिरुची घडवावी या त्यांच्या आग्रहातून चित्रपटसंगीतालाही काही काळ दूर ठेवले गेले. तेथे रॉक संगीताला थारा मिळणे कठीणच. तरुण श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. पुढे कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ या काळात निघालेल्या ‘जे.एस.’ अर्थात ‘ज्युनिअर स्टेट्समन’ या साप्ताहिकाने त्याला गटांची छायाचित्रे आणि गीतांचे शब्द पुरविले. परदेशी गिटार, ॲम्प्लिफायर यांवर आयात-परवान्यांचे व जकातीचे कडक निर्बंध होते. त्यामुळे बरीचशी सामग्री येथेच जुळविली जाई किंवा परदेशातून येणाऱ्या नातलगांकडून मागविली जाई.

या हौशी गटांना व्यासपीठ दिले ते एका सिगारेट कंपनीने. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ या ब्रँडच्या प्रसिद्धीसाठी ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा सुरू केली. मुंबईत षण्मुखानंद सभागृहात तिचे कार्यक्रम होत. निवडक गटांची गीते १९७० आणि १९७१ या वर्षांच्या दोन ध्वनिमुद्रिकांत संकलित झाली. मद्रास, शिलाँग, बंगळूर, कलकत्ता अशा ठिकठिकाणच्या गटांचा आवाज त्यांत सापडतो. आज भारतीय सायकेडेलिक रॉकचा विचार करताना या दोन ध्वनिमुद्रिका प्राथमिक साधन मानल्या जातात. तंबाखूच्या जाहिरातीने जपलेले हे दस्तऐवज आपल्या सांस्कृतिक संस्थांच्या दृष्टीस मात्र पडले नाहीत.

१९७१ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ नावाचा खुल्या मैदानावरील संगीतमेळा भरला होता. अमेरिकेतील १९६९ च्या वुडस्टॉक मेळ्याची छाया त्यावर होती. पुणे जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात कार्ला-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी भरलेल्या या मेळ्याचा उल्लेख असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नंदू भेंडे : घर, गट आणि ज्यूडास

नंदू भेंडे यांचे घर नाटकाचे होते. वडील आत्माराम भेंडे ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या बबन प्रभू यांच्या फार्सांमुळे घराघरांत पोचलेले नट-दिग्दर्शक. आई आशा भेंडे या पूर्वाश्रमीच्या लिली इझिकेल, इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी. मराठी रंगभूमी आणि मुंबईचे बेने इस्रायली इंग्रजी वाङ्मयीन विश्व या दोहोंचा संगम या घरात झाला होता. भेंडे यांनी इंग्रजीत गाणे यामागे परकीयांचे अनुकरण पाहण्याआधी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. इंग्रजी ही त्यांच्या आजोळची एक भाषा होती. निस्सीम इझिकेल यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत असताना एल.एस.डी.चे प्रयोग केल्याची नोंद त्यांच्या चरित्रात आहे. त्यावरून भाच्याविषयी काही अनुमान काढणे सर्वस्वी गैर होईल. सायकेडेलिक या शब्दामागचे जग त्या पिढीच्या मुंबईकर बुद्धिवंतांना केवळ ऐकीव नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

भेंडे ‘वेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ या मुंबईच्या गटांतून गायिले. यांतील पहिल्या गटाचे नाव लक्षणीय आहे. त्याच नावाचा एक सायकेडेलिक गट ब्रिटनमध्ये होता आणि त्याचा अल्बम १९६९ मध्ये निघाला होता. आपण कोणत्या घराण्याचे, हे हिंदुस्थानी गायक गुरूच्या नावावरून सांगतो. हे तरुण ते गटाच्या नावावरून सांगत होते. ‘सॅव्हेजेस’मध्ये आणखी एक नाव आढळते, रेमो फर्नांडिस यांचे. गोव्यातून वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी मुंबईस आलेले रेमो त्या गटात वावरले आणि पुढे १९८० च्या दशकात ‘गोवन क्रेझी’पासून स्वतंत्र पॉप गायक म्हणून प्रसिद्धीस आले. रेमो गोव्यास परतून स्वतःची गीते स्वतः लिहू-विकू लागले. भेंडे मुंबईत राहिले आणि मुंबईच्या बाजारपेठेने त्यांना आपले केले. दोघांच्या वाटा येथून फुटतात.

या दशकातील भेंडे यांची सर्वांत महत्त्वाची कामगिरी रंगमंचावरील आहे. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचे ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक-संगीतक प्रथम १९७० मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आले. अलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये ते मुंबईत सादर केले. येशूची भूमिका मधुकर चंद्रदास यांनी, तर ज्यूडासची नंदू भेंडे यांनी केली. चंद्रदास हे ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईतील सायकेडेलिक गटाचे गायक. मूळ ध्वनिमुद्रिकेत येशूचे गायन ‘डीप पर्पल’ या गटाच्या इयान गिलन यांचे होते. मुंबईतही रॉक गटाच्या गायकालाच ती भूमिका मिळावी, यात एक सुसंगती दिसते.

गायकीच्या दृष्टीने ज्यूडास ही या संगीतकातील कठीण भूमिका आहे. आरंभीचे गीत त्याचेच. त्यात शंका, राग आणि प्रेम एकाच वेळी व्यक्त करावे लागते आणि आवाज छातीतून वर चढवीत, फाटण्याच्या सीमेवर नेऊन थांबवावा लागतो. संगीत नाटकाच्या नटाला पल्लेदार तान घ्यावी लागे. येथे तानेच्या जागी ओरखडा आहे. तो सुरात घ्यावयाचा असतो. दोन्हींना दमसास लागतो, हे मात्र विसरून चालणार नाही. माझ्या मते भेंडे यांच्या आवाजाचा पुढला सारा इतिहास या भूमिकेत सामावला आहे. ‘डिस्को डान्सर’मधील गीत पुन्हा ऐकले तर वरच्या पट्टीतील तो ताण, शब्दाच्या शेवटी आवाजाला दिलेला तो खरखरीतपणा स्पष्ट जाणवतो. डिस्कोचा ठेका यांत्रिक आणि गुळगुळीत असतो. त्यावरचा हा गळा रॉकचा आहे. त्या गीताची चाल इंडोनेशियन-डच ‘टिलमन ब्रदर्स’ यांच्या ‘जीझस’ या गीतावर बेतलेली असल्याचे जाणकारांनी दाखवून दिले आहे. १९७४ मध्ये ज्यूडास झालेल्या गायकाने १९८२ मध्ये येशूच्या गीताच्या चालीवर कृष्णाला हाक मारावी, हा योगायोग मुंबईच्या चित्रपटसृष्टीखेरीज अन्यत्र घडणे अवघड.

त्याच चित्रपटात उषा उथुप यांचेही गीत आहे. त्यांची सुरुवातही क्लबमध्ये इंग्रजी गीते गाण्यापासून झाली होती. १९८० च्या दशकातील ‘हिंदी डिस्को’ ही बाहेरून अचानक आलेली लाट नव्हती. तिला लागणारे गळे इंग्रजी गाण्याच्या रियाजावर आधीच तयार झाले होते.

मराठी रंगमंचावरील रॉक

मराठीत हा प्रवाह एकदाच ठळकपणे उमटला. पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये थिएटर अकॅडमी, पुणे या संस्थेने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. जॉन गे यांचा १७२८ मधील ‘बेगर्स ऑपेरा’, त्यावरून बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ मध्ये केलेले ‘थ्री पेनी ऑपेरा’ आणि त्यावरून हा तमाशा, अशी त्याची वंशावळ. भास्कर चंदावरकरांसारखे संगीतकार त्यामागे होते. नंदू भेंडे गायक-नट म्हणून त्यात उभे राहिले आणि पाश्चात्त्य धाटणीच्या संगीतातही त्यांचा वाटा होता. लावणी, नाट्यपद, चित्रपटगीत आणि पॉप एकाच मंचावर शेजारी शेजारी आणण्याची ती योजना होती. पु. लं.सारख्या संगीत नाटकाच्या जाणकाराने भेंडे यांच्या गळ्याला मराठी शब्द दिले, ही घटना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. वाइल यांनी बर्लिनच्या कॅबेरेतील संगीताला ऑपेरात आणून जो उपहास साधला, त्याला समांतर असे आपल्याकडे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या नाटकाने तमाशा आणि रॉक असे जोडीने दिले. पुढे मराठी नाटकाने तमाशाचा धागा वारंवार उचलला. रॉकचा धागा तेथेच सुटला.

येथे अरुण कोलटकर यांचा उल्लेख टाळता येत नाही. ‘जेजुरी’चे कवी म्हणून आपण त्यांना अभ्यासक्रमात लावतो. १९७० च्या दशकात त्यांनी इंग्रजी गीते लिहिली, त्यांना चाली दिल्या, ध्वनिमुद्रणाचा प्रयत्नही केला. ते पखवाज शिकले होते. या गीतांचे शब्द अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोट राइड अँड अदर पोएम्स’ या २००९ च्या संग्रहात छापले गेले आहेत. लघुनियतकालिकांच्या चळवळीचे संशोधन मराठीत विपुल झाले. त्या चळवळीतील कवी कोणते संगीत ऐकत होते, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला गेला. कोलटकरांच्या भाषेतील तिरकस, आवर्ती, धक्का देणाऱ्या लयीचा उगम केवळ ओवी-अभंगांत शोधणाऱ्या अभ्यासकाने ही गीतेही समोर ठेवावीत.

विस्मरणाची कारणे

एक कारण चित्रपटाने घडविलेल्या प्रतिमेत आहे. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये राहुलदेव बर्मन यांनी आशा भोसले यांच्याकडून ‘दम मारो दम’ गाऊन घेतले. त्यातील गिटार, घुमणारा आवाज आणि एकाच जागी घोटाळणारी लय पाहता लोकप्रिय भारतीय संगीतातील ही सायकेडेलिक रॉकची सर्वांत यशस्वी रचना म्हणावी लागेल. पण पडद्यावर ते गीत व्यसनाधीन हिप्पींच्या वाट्याला आले. तेव्हापासून या ध्वनीचा अर्थ ‘वाया गेलेली तरुणाई’ असा पक्का झाला. गीत अजरामर झाले आणि प्रकार बदनाम झाला.

दुसरे कारण आर्थिक आहे आणि माझ्या दृष्टीने अधिक निर्णायक. या गटांचे उत्पन्न क्लब, हॉटेले आणि महाविद्यालयीन महोत्सव यांवर अवलंबून होते. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांचा भरवसा चित्रपटगीतांवर होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्को आले आणि हॉटेलमालकांच्या लक्षात आले की पाच वादकांना पोसण्यापेक्षा तबकड्या लावणारा एक माणूस स्वस्त पडतो. गट मोडले. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ ही ध्वनिमुद्रिका गट विसर्जित झाल्यानंतर बाजारात आली. तिला येथे श्रोता उरला नव्हता. ती पुन्हा उजेडात आली ती २०११ मध्ये, ‘नाऊ-अगेन’ या अमेरिकन कंपनीने पुनःप्रकाशित केल्यावर.

तिसरे कारण आपल्या शैक्षणिक वर्गीकरणात आहे. इंग्रजीत गाणारा मराठी गायक मराठी विभागाच्या कक्षेत येत नाही. इंग्रजी विभागाला गायक हा विषय वाटत नाही. संगीत विभागाचा अभ्यासक्रम रागसंगीताभोवती फिरतो. सिद्धार्थ भाटिया यांचे ‘इंडिया सायकेडेलिक’ हे या पिढीवरील पुस्तक २०१४ मध्ये आले, म्हणजे भेंडे यांच्या निधनाच्या वर्षी. तेही एका पत्रकाराने लिहिले, विद्यापीठाने नव्हे.

आत्माराम भेंडे २०१५ मध्ये आणि अलेक पदमसी २०१८ मध्ये निवर्तले. षण्मुखानंद सभागृहात विद्यार्थी म्हणून बसलेले श्रोते आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांपैकी काही आपल्याच महाविद्यालयांतून प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले असू शकतात. त्यांच्या मुलाखती घेण्यास मोठा प्रकल्प किंवा अनुदान लागत नाही. एक ध्वनिमुद्रक आणि दोन दुपारी पुरेशा आहेत. मुलाखतीत कोणती गाणी आवडत असत, हे विचारण्यापूर्वी गिटार कोठून आणली, ॲम्प्लिफायर कोणी बनविला, सरावाला जागा कोणी दिली आणि कार्यक्रमाचे किती पैसे मिळाले, हे विचारावे. गाण्यांची नावे ध्वनिमुद्रिकांवर छापलेली आहेत, ही माहिती कोठेही छापलेली नाही.